जन्मकाळचे गाणे



मूल जन्मास आले की घटिका-पळे टिपून ठेवावयाची आणि ज्योतिषाकडून पत्रिका करवून घ्यावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत. अलीकडे या पत्रिकेत एका नव्या रकान्याची भर पडली आहे. आपण जन्मलो त्या दिवशी कोणते गाणे लोकप्रियतेच्या शिखरावर होते, हे शोधून काढण्याची हौस पुष्कळांना लागली आहे. वर्ष सांगावे की गाण्याचे नाव पुढे येते. हौस निरुपद्रवी आहे. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा: हे शिखर मोजले कोणी, आणि कशाने?

या मोजणीचा जन्म फारसा जुना नाही. अमेरिकेत 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने तबकड्यांच्या खपाची यादी १९४० च्या जुलैत सुरू केली. इंग्लंडात 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस' या पत्राची पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ची. ती सिद्ध कशी झाली? पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी सुमारे वीस दुकानदारांना टेलिफोन करून, तुमच्याकडे काय खपले, असे विचारले, झाली यादी! क्रमांक बारा आणि गाणी पंधरा, कारण काही गाण्यांचा खप बरोबरीचा भरला. पुढे अशा याद्या अनेक पत्रे काढू लागली आणि त्यांचे आपसांत जमेना. १९६३ च्या आरंभी बीटल्स मंडळींचे 'प्लीज प्लीज मी' हे गाणे या पत्राच्या यादीत अग्रस्थानी पोचले, पण 'रेकॉर्ड रिटेलर' च्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर राहिले. आणि अधिकृत म्हणून पुढे मानली गेली ती ही दुसरी यादी! त्या आठवड्यात लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाचे गाणे कोणते, याचे उत्तर कोणते पत्र हाती धरावे यावर अवलंबून आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्लंडातील त्या यादीनंतर तीनच आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. हिंदुस्थानी गाण्यांची मोजदाद कोलंबोहून का व्हावी? याचे कारण एका मराठी माणसापाशी येऊन पोचते. त्या वर्षी नभोवाणीखात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजविण्याचे परवाने काढून घेतले. श्रोत्यांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरविली, इतकेच. केसकरांच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण लोकांची आवड हुकुमाने वळत नसते, हे त्यांना उमगावयास १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू झाली.

गीतमालेचे निवेदक अमीन सायानी तेव्हा विशीचेही नव्हते. कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हावयाचा आणि कोलंबोस जावयाचा. आरंभी त्यात क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवावयाची आणि ती योग्य क्रमाने लावून पाठविणाऱ्यांसाठी शंभर रुपयांचे बक्षीस, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांवर मजल गेली. एवढी पत्रे तपासणार कोण? म्हणून १९५४ च्या डिसेंबरात स्पर्धा संपून क्रमवारी आली. तेव्हा १९५३ साली जन्मलेल्याने आपल्या आठवड्याचे अग्रगीत येथे शोधू नये. त्या वेळी पायऱ्याच बांधलेल्या नव्हत्या.

पायऱ्या बांधल्यावरही मापाचा प्रश्न उरलाच. मुख्य आधार दुकानांतील तबकड्यांच्या खपाचा. पण माल संपला की लोकप्रिय गाण्याचाही खप शून्य दिसावयाचा, आणि खोटा खप दाखविणेही अशक्य नव्हते. यावर उपाय म्हणून गावोगावच्या श्रोतृसंघांची मते घेऊ लागले. याखेरीज, फार काळ टिकलेल्या गाण्यास 'सरताज' ही पदवी देऊन यादीतून सन्मानाने निवृत्त करीत. म्हणजे सर्वांच्या ओठांवरचे गाणे यादीत नाही, असेही घडावयाचे.

आता १९५५ साल घेऊ. गीतमालेच्या वार्षिक यादीत त्या वर्षीचे अग्रगीत 'श्री ४२०' मधील, मुकेश यांनी गायिलेले, परदेशी कपड्यांतल्या हिंदी हृदयाचे गाणे. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही. परंतु तो चित्रपट प्रकाशित झाला सप्टेंबरात. म्हणजे त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत पाळण्यात पडलेल्या मुलाला यादी जे 'जन्मगीत' देते, ते त्याच्या आईने तेव्हा पडद्यावर पाहिलेलेही नव्हते!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यादी होती हिंदी चित्रपटगीतांची. मराठी भावगीत, अभंग, लावणी, ओवी यांचा तिच्यात रकानाच नव्हता. जे मोजले ते उरले. जे मोजले नाही ते लोकप्रिय नव्हते, असे आता वाटू लागते. तबकडी विकत घेणारे घर सुखवस्तू. जात्यावर गाणारी बाई कोणत्याच दुकानाच्या वहीत सापडत नाही.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' सुधीर फडके यांच्या संगीतात सुरू झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, दर आठवड्यास एक याप्रमाणे, छप्पन्न गीते झाली. गीताचे शब्द वर्तमानपत्रांतून छापून येत. रेडिओसमोर हार-फुले ठेवून लोक ऐकावयास बसत. ज्या घरी रेडिओ नाही त्या घरची माणसे शेजाऱ्याच्या ओसरीवर येत. त्या रामनवमीस पुण्यात एखादे मूल जन्मले असेल, तर वार्षिक यादीत त्याच्या नावासमोर पाच महिन्यांनी येणाऱ्या चित्रपटातील गाणे लिहिलेले आहे.