गेडीस संग्रह

गेडीस संग्रह : स्कॉटिश जीववैज्ञानिक, समाजशास्त्रज्ञ व नगररचनाकार सर पॅट्रिक गेडीस (२ ऑक्टोबर १८५४–१७ एप्रिल १९३२) यांची हस्तलिखिते, पत्रव्यवहार, नकाशे, आकृत्या, छायाचित्रे व काचेच्या स्लाइडी यांचा संग्रह. तो एकत्र नसून मुख्यत्वे ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ, एडिंबरो व डंडी येथील विद्यापीठे आणि स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय यांत विभागलेला आहे. गेडीस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यामुळे महाराष्ट्राच्या नागरी इतिहासाच्या दृष्टीनेही या संग्रहाला महत्त्व आहे.

गेडीस यांनी लंडन येथे टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवविज्ञानाचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम दुरावले. परंतु या काळात घड्या घातलेल्या कागदाच्या चौकटी चाचपून विचारांची मांडणी करण्याची पद्धती त्यांना सुचली. त्यांच्या कागदपत्रांत चौकोनी आकृत्यांची जी रेलचेल आढळते, तिचे मूळ येथे आहे. १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक होते. एडिंबरो येथील ‘आउटलुक टॉवर’ (१८९२) या वास्तूत त्यांनी प्रदेश व नगर यांच्या पाहणीची साधने मांडली. नगर हा सजीवासारखा वाढणारा घटक असून उपचारापूर्वी त्याचे निदान झाले पाहिजे, असे त्यांचे मत होते.

नकाशे व चित्रे यांचे त्यांचे नगररचना प्रदर्शन १९१३ मध्ये गेंट येथे गौरविले गेले. १९१४ मध्ये ते भारतात आणले जात असता ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज बुडविले व सर्व सामग्री नष्ट झाली. मित्रांनी नव्याने जमविलेल्या सामग्रीवर १९१५ मध्ये मद्रास येथे दुसरे प्रदर्शन भरविण्यात आले. त्याच वर्षी गेडीस यांनी मुंबई इलाख्यातील ठाणे व इतर काही नगरांविषयी अहवाल लिहिले. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. आवश्यक तेवढीच घरे हलवून विहिरी, झाडे व मोकळ्या जागा राखाव्यात, असे त्यांनी सुचविले. मुंबईत त्यांच्या व्याख्यानांचा लाभ घेतलेल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे १९२४ मध्ये तेथील समाजशास्त्र विभागाची सूत्रे आली.

भारतातील अहवालांचे निवडक उतारे जॅकलिन टिर्व्हिट यांनी १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. छापील अहवालांतून निष्कर्ष समजतात. ते कोणत्या विचारसरणीतून निघाले, याचा मागोवा टिपणे, आकृत्या व चित्रे यांतून घेता येतो. १९१४ मध्ये जे बुडाले, ते याच प्रकारचे साधन होते. अभ्यासकाला आज मुंबई-ठाण्याचे अहवाल आणि स्कॉटलंडमधील कागदपत्रे शेजारी ठेवूनच गेडीस यांचे भारतातील कार्य पूर्णपणे समजून घ्यावे लागते.