इंग्रजी : परकी, दुसरी की कामापुरती?



आमची शाळा दहावीला सुटली आणि पुढचे इंग्रजी आम्ही कारखान्याच्या नोटीस-बोर्डासमोर उभे राहून शिकलो. ते शिक्षण किती महाग पडते याचा एक दाखला प्रथम देतो. संघटनेच्या कामात आम्ही नवखे असताना एका कारखान्याच्या फाटकावर चाळीस कामगारांच्या नावांची यादी लागली. वर रिट्रेंचमेंट असा शब्द होता. आम्ही तो ले-ऑफच्याच कुळातला समजलो आणि फाटकसभेत 'माल उठला की परत बोलावतील, घाबरू नका' असे छातीठोकपणे सांगून मोकळे झालो. निम्मी माणसे त्याच रात्री गावी गेली. वस्तुतः तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी शाबूत ठेवून काही काळ काम न देणे आणि रिट्रेंचमेंट म्हणजे नोकरीच संपविणे. संघटनेतल्या एका जाणत्या माणसाने दुसऱ्या दिवशी आमचे कान उपटले. मग गावोगाव तारा करून माणसे परत बोलावण्यात आठवडा गेला.

हे आज आठवण्याचे कारण आमची पुतणी. ती इंग्रजी शिकविण्याचा अभ्यासक्रम करते. तिच्या वहीत ईएफएल, ईएसएल, ईएसपी, टिसॉल, ईएएल अशा अक्षरांच्या जुड्या आम्ही पाहिल्या. ती म्हणाली, "काका, ही नुसती घोकंपट्टी आहे." आम्हांला मात्र आयटक, इंटक आणि सिटू आठवले. बाहेरच्या माणसाला ही तिन्ही नावे सारखीच वाटतात; आतल्या माणसाला १९२०, १९४७ आणि १९७० ही साले व त्यांमागची भांडणे दिसतात. इंग्रजीच्या या नावांमागेही तसेच काही असणार, अशा समजुतीने आम्ही वाचू लागलो. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

हॅरल्ड पामर हा इंग्रज शिक्षक १९२२ साली टोकियोला गेला. त्याच दशकात मायकेल वेस्ट ढाक्यात बंगाली मुलांसाठी वाचनमाला तयार करीत होता. दोघांचा धंदा एक, परंतु गिऱ्हाईक निराळे. जपानी मुलाच्या घरी, कचेरीत, न्यायालयात कोठेच इंग्रजी नव्हते. बंगाली मुलाच्या घरी ते नव्हते, पण वरच्या परीक्षा आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीतच होत्या. पहिल्या प्रकारास पुढे 'परकीय भाषा' हे नाव रूढ झाले आणि दुसऱ्यास 'दुसरी भाषा'. यातले 'दुसरी' हे शिकण्याच्या क्रमापुरते नाही. घरची नव्हे, तरी जिच्यावाचून सार्वजनिक व्यवहार अडतो ती, असा त्याचा अर्थ. १९६१ साली युगांडातील मकरेरे येथे राष्ट्रकुलाची जी परिषद भरली, तिच्या नावातच 'दुसरी भाषा' हे शब्द होते. राज्य जात होते, दप्तर राहत होते. त्या दप्तराच्या भाषेला हे नाव सोयीचे पडले, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत शिकावयास येणारे परदेशी विद्यार्थी आणि कायमचे राहावयास आलेले लोक असे दोन्ही वर्ग होते. तेथे १९६६ साली शिक्षकांनी संघटना काढली ती 'इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी' या नावाने, म्हणजे टिसॉल. आमच्या भाषेत याला दोन गटांचे विलीनीकरण म्हणतात. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये निघालेल्या संघटनेने आपल्या नावात 'परकीय' ठेवले.

परंतु नावे ठेवण्याच्या कितीतरी आधी मालकांनी शाळा काढल्या होत्या. १९१४ साली फोर्ड कंपनीने डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात परदेशी कामगारांसाठी इंग्रजी शाळा सुरू केली. वर्ग पाळीच्या आधी किंवा नंतर भरत. पदवीदानाच्या समारंभात रंगमंचावर एक भलीमोठी कढई मांडीत. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात तिच्यात उतरत आणि अमेरिकन पोशाखात बाहेर पडत. हसू येते खरे. परंतु तेथे भाषेबरोबर मालकाच्या पसंतीचा माणूस घडविला जात होता हे विसरता येत नाही. त्याआधी दोनच वर्षे, १९१२ साली, लॉरेन्स येथील कापडगिरण्यांच्या संपात अनेक देशांचे कामगार आपापल्या भाषेत भाषणे ऐकत, एकाचे दुसऱ्यास भाषांतर करून देत, आणि तो संप त्यांनी जिंकला.

कामगारांच्या इंग्रजीला स्वतंत्र नाव मिळाले ते ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात : 'औद्योगिक भाषा-प्रशिक्षण'. लंडनच्या पश्चिमेस साउथॉल येथे पंजाबी कामगारांची मोठी वस्ती. तेथे या कामाचे केंद्र निघाले, आणि शिक्षक कारखान्यांत जाऊ लागले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने सांगितलेली एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी बायका नव्याने वाढपास लागल्या. त्या उद्धट आहेत, अशी तक्रार सुरू झाली. त्या बोलत फारच थोड्या. ताटात मांस वाढले की रस्सा हवा का, हे विचारावयाचे. इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' म्हणताना स्वर वर नेई. आमच्याकडच्या बायका तोच शब्द स्वर खाली आणून म्हणत. ऐकणाऱ्यास वाटे, 'हा रस्सा आहे, घ्या नाहीतर जा.' दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकविले तेव्हा बायकांना प्रथम फरकच कळेना. त्यांच्या हिशेबी तो साधा प्रश्न होता. उलट लोक आपल्याशी उगाच फटकून वागतात, असे त्यांना वाटत होते. शब्द एकच, व्याकरणाची चूक नाही, आणि तेवढ्यावरून माणसे उर्मट ठरली! ही परकीय भाषा म्हणावी की दुसरी? या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य असे की त्यात मुकादमांना आणि अधिकाऱ्यांनाही बसवीत. समजून घेण्याचे ओझे एकट्या कामगारावर टाकीत नसत. १९८९ साली सरकारी पैसा थांबला आणि केंद्रे बंद पडली.

शाळांतही नावाने नुकसान केले. यॉर्कशरमधील कॅल्डरडेल येथे इंग्रजी कमी येणाऱ्या मुलांना इतर मुलांपासून वेगळे काढून भाषाकेंद्रात पाठवीत. १९८६ साली वंशसमता आयोगाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरविला. पुढे तेथील शाळांत 'दुसरी' जाऊन 'जादा' भाषा हे नाव आले, म्हणजे वहीतले ईएएल. मुलाची पहिली भाषा ही उणीव नव्हे, एवढे तरी त्या नावाने कबूल केले.

आपल्याकडे काय? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हटले. हैदराबादेस १९५८ साली निघालेल्या इंग्रजीच्या मध्यवर्ती संस्थेला १९७२ साली 'इंग्रजी आणि परकीय भाषा' असे नाव मिळाले. तीच पुढे विद्यापीठ झाली. त्या 'आणि'कडे आपण नीट पाहावे. फ्रेंच परकी, जर्मन परकी, इंग्रजी मात्र त्यांच्या पंक्तीत नाही. आणि मराठी शाळेतून दहावीला बसणाऱ्या मुलाच्या लेखी ती 'तृतीय भाषा'. नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्याला प्रश्न विचारतात ते ती पहिली असल्यासारखे.

आमच्या कचेरीत दर रविवारी कंत्राटी कामगारांचा वर्ग भरतो. त्यांना विशिष्ट हेतूचे इंग्रजी, म्हणजे वहीतले ईएसपी, लागते असे पुतणीचे म्हणणे. ते मान्य करून आम्ही तिला एवढेच विचारले की हेतू कोणाचा, कंत्राटदाराचा की कामगाराचा? ती गप्प राहिली, पण पुढच्या रविवारी वर्गावर आली. त्या दिवशी एका पोराचे नेमणूकपत्र फळ्यावर उतरवून घेतले होते. 'प्रोबेशन' या एका शब्दावर दीड तास गेला, आणि शेवटी त्या पोराने विचारले की मुदत वाढविल्याचे आपल्याला लेखी कळविले नाही, तर ते पत्र मागावे कसे. अर्ज तिने इंग्रजीत लिहून दिला नाही. त्याच्याकडून लिहून घेतला.