न दिसणारी फट

चेतापेशीची आकृती आपण सर्वांनीच शाळेत काढलेली असते. मध्ये पेशीकाया, तिला फांद्यांसारख्या फुटलेल्या वृक्षिका आणि एका बाजूने निघालेला अक्षतंतू. अक्षतंतूची टोके पुढच्या पेशीजवळ थांबतात, मध्ये बारीक फट राहते. मुलांनी ही फट दाखवली नाही तर आपण गुण कापतो. पण ज्याने ती प्रथम ठामपणे मांडली, त्याला ती दिसलेली नव्हती!

एकोणिसाव्या शतकात शरीर पेशींचे बनलेले असते हे मान्य झाले होते. अडचण होती ती मेंदूची. त्याच्या कापात तंतूंचा एवढा गुंता दिसे की कोणता तंतू कोणत्या पेशीचा हेच कळेना. १८७३ साली कामिल्लो गोल्जी या इटालियन डॉक्टरने उपाय काढला. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा त्याने सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला. त्यातील मोजक्याच पेशी टोकापर्यंत काळ्या झाल्या. हे 'मोजक्याच' महत्त्वाचे. सगळ्याच रंगल्या असत्या तर काप नुसता काळा दिसला असता.

गोल्जीच्या मते अक्षतंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनवतात. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने १८८७ मध्ये या पद्धतीचे काप पाहिले आणि त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. त्याची युक्ती साधी होती. पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी त्याने पक्ष्यांची पिल्ले आणि भ्रूण घेतले. तिथे तंतू आखूड असतात, त्यांवर मायलिनचे वेष्टनही फारसे चढलेले नसते. अनुमस्तिष्कातील काही तंतूंची टोके शेजारच्या मोठ्या पेशीला टोपलीसारखी वेढत होती, पण तिच्यात मिसळत नव्हती. १८८८ साली त्याने लिहिले, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. 'न्यूरॉन' हे नाव १८९१ मध्ये वाल्डायरने दिले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात गोल्जीने न्यूरॉन सिद्धांतावरच टीका केली. आपण त्याला हेकट म्हणून मोकळे होतो, ते आम्हाला पटत नाही. साध्या सूक्ष्मदर्शीतून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत आणि ही फट जेमतेम २० नॅनोमीटरची! म्हणजे दोघेही दिसण्याच्या पलीकडचे बोलत होते. फरक इतकाच, की काहालने तंतू जिथे सुटे दिसू शकतील असे ठिकाण शोधून काढले होते.

फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली. तोवर दोघेही हयात नव्हते. त्याच दशकात झिंग्याच्या जातीच्या एका प्राण्यात दोन चेतापेशींमधून विद्युतप्रवाह थेट जातो असेही आढळले; तिथे पेशी सूक्ष्म मार्गिकांनी जोडलेल्या असतात. २०२३ साली तर टिनोफोरा गटातील एका पारदर्शक सागरी प्राण्यात चेतापेशींचे अखंड जाळे सापडले. गोल्जीने कल्पिले होते तसे, पण मेंदूत नव्हे, त्वचेखाली.