± च्या आत काय असतं? पीकनुकसानीच्या आकड्याची गोष्ट

पुण्याच्या आयआयटीएममधले सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अंदाज मांडला. जमिनीलगतच्या ओझोनमुळे भारतात गव्हाचं नुकसान होतं ३५ ± ८ लाख टन. हा निबंध उद्धृत करताना बहुतेक जण ३५ लिहितात आणि ± गाळतात. पण हे ± आलं कुठून?

आधी आणेवारीकडे जाऊ. पूर्ण पीक सोळा आणे धरायचं आणि यंदा किती आणे आलं ते नजरेनं ठरवायचं. अहमदनगरसारख्या (आताचं अहिल्यानगर) अवर्षणप्रवण जिल्ह्यात सारा तहकूब होणार की नाही, हे त्या आण्यांवर ठरायचं. पण अंदाज किती चुकला असेल हे सांगायची सोय त्यात नव्हती.

ती सोय १९४०च्या दशकात आली. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी यादृच्छिक पद्धतीनं शेतं निवडून पीककापणी प्रयोग रुजवले. मग १९४६ साली सुखात्म्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं, कारण कडेची झाडं आत धरली जातात. इथेच दोन चुका वेगळ्या झाल्या. नमुन्याची चूक प्लॉट वाढवले की कमी होते. कल, म्हणजे बायस, तसाच राहतो.

आता नगरच्या एखाद्या महसूल मंडळाचा हिशोब करू. समजा बाजरीचे १० प्लॉट कापले आणि प्लॉटा-प्लॉटांतला फरक (विचरण गुणांक) ३० टक्के आहे. प्रमाण त्रुटी ३० ÷ √१०, म्हणजे साधारण ९.५ टक्के. ओझोननं ५ टक्के पीक खाल्लं असेल, तर ते या धुरळ्यात दिसणारच नाही. त्रुटी २.५ टक्क्यांवर आणायला १४४ प्लॉट लागतील. आणि तेही फक्त ‘किती आलं’ एवढंच सांगतील. ‘ओझोन नसता तर किती आलं असतं’ हे कुठल्याच शेतात कापून मिळत नाही.

म्हणून ते वक्ररेषेवरून काढतात. या रेषा प्रामुख्यानं अमेरिका आणि युरोपातल्या उघड्या छताच्या कक्षांमधल्या प्रयोगांतून आल्या, तिथल्याच वाणांवर. निर्देशांक बदलला की उत्तरही बदलतं. व्हॅन डिंगेनेन आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात २००० सालच्या गव्हाचं जागतिक नुकसान ७ ते १२ टक्के निघालं.

नगर पर्जन्यछायेत. पाण्याचा ताण पडला की पीक पर्णरंध्रं मिटून घेतं आणि ओझोनही कमी आत जातो. फक्त हवेतला ओझोन मोजणारा निर्देशांक इथल्या कोरडवाहू पिकाचं नुकसान जास्त दाखवू शकतो. ही चूक प्लॉट वाढवून जाणार नाही, सुखात्म्यांचाच धडा.

याचा अर्थ ओझोनचं नुकसान खोटं, असा नाही. पण देशाची सरासरी टक्केवारी उचलून कुणी नगरच्या शेतकऱ्याची भरपाई किंवा पीकसल्ला ठरवणार असेल, तर आपण आधी विचारायला हवं: या ± मध्ये काय मोजलंय आणि काय बाहेर राहिलंय? तुमच्या प्रबंधात हा प्रश्न पद्धतीच्या प्रकरणातच येऊ द्या. ‘मर्यादा’ या शेवटच्या परिच्छेदात तो कुणी वाचत नाही.