शेतात जन्मलेली जीवजाती

सजीवांची नवी जाती अतिशय सावकाश घडते, ही धारणा चार्ल्स डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथामुळे जीवशास्त्रात दृढ झाली. एका जातीचे दोन समूह डोंगर, समुद्र किंवा वाळवंट आड आल्याने परस्परांपासून तुटतात, पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे बदल साठवत जातात आणि अखेरीस पुन्हा एकत्र आले तरी त्यांच्यात सुफल संकर होत नाही. या अवस्थेला जननविषयक विलगता म्हणतात आणि तिच्यावरूनच जातींच्या सीमा ठरवल्या जातात. रोजच्या पोळीचा आणि पावाचा गहू मात्र या वाटेने आलेला नाही. तो सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, कास्पियन समुद्राच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागात, शेतकऱ्यांच्या पिकात दोन भिन्न जातींच्या संकरातून एक-दोन पिढ्यांत उद्भवला, आणि म्हणूनच रानात त्याचे स्वतःचे वन्य रूप असे कोठेही सापडत नाही.

या जन्मकथेचा पहिला धागा जपानमध्ये हाती आला. तेत्सु साकामुरा यांनी १९१८ मध्ये गव्हाच्या निरनिराळ्या जातींतील गुणसूत्रे, म्हणजे पेशीकेंद्रातील आनुवंशिक द्रव्याचे तंतू, अचूक मोजली. त्यांची संख्या एकदाणी गव्हात १४, खपली आणि बन्सी या गव्हांत २८, तर पोळीच्या गव्हात ४२ निघाली. म्हणजे सर्व संख्या सातच्या पटीत होत्या. हेच काम पुढे हितोशी किहारा यांनी विस्ताराने केले. त्यांनी २८ आणि ४२ गुणसूत्रांच्या गव्हांचा संकर केला, तेव्हा त्या ३५ गुणसूत्रांच्या संतानात जननपेशी तयार होताना १४ जोड्या जुळल्या आणि सात गुणसूत्रे जोडीदाराविना उरली. याचा अर्थ असा की पोळीच्या गव्हात खपलीचे सात-सात गुणसूत्रांचे दोन्ही संच जसेच्या तसे होते आणि त्यांवर सात गुणसूत्रांच्या तिसऱ्या संचाची भर पडली होती. या संचांना अ, ब आणि ड अशी नावे मिळाली. अशा प्रत्येक पूर्ण संचाला जीनोम म्हणतात.

भिन्न जातींचा संकर बहुधा वांझ ठरतो, कारण आईकडून व वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांना जुळणारा जोडीदार मिळत नाही आणि जननपेशींत त्यांची वाटणी विस्कटते. ही अडचण दूर कशी होऊ शकते, हे डेन्मार्कच्या ओय्विंद विंगे यांनी १९१७ मध्ये सुचवले होते: संकरातील सगळीच गुणसूत्रे दुप्पट झाली, तर प्रत्येकाला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून लाभते आणि वनस्पती सुफल होते. गव्हाच्या संकरात असे दुपटीकरण आपोआपही घडते, कारण काही जननपेशींत गुणसूत्रे निम्मी होण्याऐवजी पूर्ण संख्येने उतरतात आणि अशा दोन पेशींच्या मीलनातून दुप्पट संख्येचे बी धरते. या प्रकारास बहुगुणितता म्हणतात. अशा रोपाचा मूळ जातींशी पुन्हा संकर झाला तर संख्या विषम राहून संतान बहुतांशी वांझ निघते. म्हणजे जी विलगता एरवी हजारो पिढ्यांनी येते, ती येथे जन्माबरोबरच येते.

प्रत्यक्ष इतिहासात ही घटना दोनदा घडली. पहिल्यांदा ती लाखो वर्षांपूर्वी, माणसाच्या हस्तक्षेपाविना, दोन रानगवतांत घडली आणि तिच्यातून रानखपली निर्माण झाली. हे रानगहू १९०६ मध्ये आरोन आरोन्सोन यांना आजच्या इस्रायलमधील रोश पिना येथे आढळले. पश्चिम आशियातील सुपीक चंद्रकोरीत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते पेरले जाऊ लागले. रानटी ओंबी पिकताच तिचा कणा तुटून दाणे गळत. ज्या रोपांची ओंबी न तुटता टिकत असे, त्यांचेच बी कापणीत अधिक हाती लागत गेल्याने लागवडीची खपली वेगळी झाली. शेती ईशान्येकडे सरकली तेव्हा या खपलीची गाठ एजिलॉप्स टाउशी या रानगवताशी पडली, जे शेताच्या बांधावर व पिकातही तण म्हणून उगवते. दुसरा संकर येथे झाला. ड संचामुळे नव्या गव्हाला थंड हवामानात तग धरण्याची क्षमता आणि फुगणाऱ्या पावाला लागणारी कणकेची लवचीकता मिळाली, आणि त्याचा प्रसार पूर्वजांहून कितीतरी दूरवर झाला.

तिसऱ्या संचाचा दाता हेच गवत आहे, हे १९४४ च्या सुमारास, दुसरे महायुद्ध चालू असताना, जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत एडगर मॅकफॅडन व अर्नेस्ट सिअर्स यांनी स्वतंत्रपणे ओळखले. कोल्चिसीन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट करता येतात, हे १९३७ पासून ठाऊक होते. अमेरिकी संशोधकांनी रानखपली आणि या गवताचा संकर करून ४२ गुणसूत्रांचा गहू घडवला व त्याचा प्रचलित गव्हाशी सुफल संकर करून दाखवला. एका जीवजातीचा उगम अशा रीतीने प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला. तीन जवळचे संच एका पेशीत असूनही जोड्या चुकत का नाहीत, याचे उत्तर १९५८ मध्ये मिळाले: ब संचाच्या पाचव्या गुणसूत्रावरील एक घटक केवळ खऱ्या जोडीदारांनाच जुळू देतो.

इतक्या जलद जन्माची किंमतही नव्या जातीला मोजावी लागली. मोजक्याच संकरांतून उतरल्याने तिच्यात, विशेषतः ड संचात, विविधता तोकडी राहिली. ती वाढवण्यासाठी पैदासकारांना पूर्वजांकडे परतावे लागते. महाराष्ट्र आणि कर्नाटकात आजही पिकणारी खपली याचे ठळक उदाहरण आहे: भारतातून बाहेर गेलेल्या या गव्हातील तांबेरारोधक जनुके ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी पावाच्या गव्हात आणली, आणि अ व ब संच दोन्हींत समान असल्यामुळेच हे शक्य झाले. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात १९८० च्या दशकापासून बन्सी गहू आणि एजिलॉप्स टाउशी यांचे नवे संकर पद्धतशीरपणे केले जात आहेत. तेव्हा खपलीचे वाण आणि कास्पियनकाठचे ते तण जपणे हे जुन्या पिकाविषयीचे केवळ हळवेपण नव्हे. ज्या जातीचे रानात स्वतःचे वन्य रूप नाही, तिच्यासाठी नवी जनुके मिळवण्याचे सर्वांत जवळचे साठे तेच आहेत.