पृष्ठ-लहरीचा वाद

१९०१ च्या डिसेंबरांत अटलांटिकपलीकडचा बिनतारी संदेश ऐकल्याचें मार्कोनीनें जाहीर केलें, आणि गणितज्ञांपुढें कोडें पडलें: वाटोळ्या पृथ्वीवरून लहरी जातात तरी कशा? हवा व जमीन यांच्या सीमेला बिलगून चालणारी लहर संभवते, असें झेनेक यांनीं १९०७ सालीं दाखविलें. पण ती उगम पावते कशी, हें त्यांत नव्हतें. तो विचार म्युनिकच्या सोमरफेल्ड यांनीं १९०९ सालीं केला. वर हवा, खालीं जमीन, सीमेवर लहानसा उभा प्रेषक, एवढ्यावरून त्यांनीं मांडलेलें संकलन थरांच्या पदार्थांतील प्रारणाच्या गणितास आजहि पायाभूत आहे. त्यांतून पृष्ठ-लहर वेगळी निघाली, आणि कोडें सुटलेंसें वाटलें.

१९१९ सालीं वाइल यांनीं तेंच गणित दुसऱ्या वाटेनें केलें. त्यांत ती लहर वेगळी निघेना! हायझेनबर्ग व पाउली ज्यांचे शिष्य, त्या गुरूची चूक काढणें सोपें नव्हे. तरी १९३५ सालीं नॉर्टन यांनीं सोमरफेल्डांच्या गणितांत चिन्हाची चूक असल्याचें लिहिलें. अखेर बरोज यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील सेनेका सरोवराच्या गोड्या पाण्यावर मोजमाप केलें. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेले आंकडे वाइलच्या बाजूचे निघाले. गंमत ही कीं, चिन्हाची ती चूक मूळ निबंधांत नव्हतीच, असें कॉलिन यांनीं २००४ सालीं प्रतिपादिलें.