दप्तराबाहेरच्या स्त्रियांचा इतिहास

गावच्या जुन्या दप्तरात वतनाचा, शेतसाऱ्याचा आणि तंट्यांचा तपशील विपुल असतो. वतनाचे काम करणाऱ्या महाराचे नाव त्यात क्वचित आढळते; परंतु जंगलातून मोळी आणून विकणारी, रात्री उपाशी निजणारी त्याची बायको तेथे बहुधा नसते. जिच्या श्रमाचा कागद झाला नाही, तिच्या बाळंतपणाचा, संसाराचा आणि मनातील सलाचा कागद कोठून होणार? महाराष्ट्रातील दलित स्त्रियांचा इतिहास म्हणूनच दप्तराबाहेर शोधावा लागला, आणि तो मुख्यतः दलित स्त्रियांनीच शोधला.

पहिला उद्गार

या शोधाचा आरंभबिंदू १८५५ सालातील आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुक्ता या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. लेखिका सुमारे चौदा वर्षांची होती. तिच्या निबंधात धर्म आणि राज्यसत्ता यांना विचारलेले प्रश्न आहेत; त्याचबरोबर डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची व्यथाही आहे. प्रसूतीसारखी खाजगी गोष्ट जातिव्यवस्थेविरुद्धचा पुरावा म्हणून येथे मांडली गेली.

चळवळीतील स्त्रिया

पुढे आंबेडकरी चळवळीत या स्त्रिया हजारोंच्या संख्येने उतरल्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्यापुढे केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने यांचाही विषय होता, कारण जात ओळखली जाई ती या खुणांवरून. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या महिला परिषदेला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वास बंदी यांबरोबरच गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांच्या सवलतींविषयीही तेथे ठराव झाले. संसार आणि मजुरी हे दोन्ही प्रश्न एकाच व्यासपीठावरून मांडले गेले, हे या परिषदेचे वैशिष्ट्य होय.

तरीही चळवळीच्या इतिहासग्रंथांत या स्त्रिया दीर्घकाळ केवळ ‘प्रचंड जनसमुदाय’ म्हणून उरल्या. ही उणीव ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने भरून काढण्यास प्रारंभ केला. चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्या हुडकून काढून त्यांच्या मुलाखती घेणे, ही त्यांची पद्धत होती. समुदायाला त्यामुळे नावे मिळाली. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे उदाहरण बोलके आहे. बालपणीच लग्न झालेल्या जाईबाई नागपूर-कामठी अशी ओझी वाहत. पुढे त्या शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाईकडून आपली मुले शिकणे सवर्ण पालकांना मानवले नाही आणि नोकरी गेली. त्यांनी १९२२ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने नागपुरात मुलींची शाळा काढली.

लपवून ठेवलेली वही

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी किराणा मालाच्या छोट्या दुकानात बसून आठवणी लिहिल्या. त्या नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने त्या ‘स्त्री’ मासिकात आल्या आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. बाळंतिणीची उपासमार, मोळी विकायला निघालेल्या बायकांना वाटेवर सोसावा लागणारा अपमान आणि सासुरवास असह्य होऊन पळू पाहणाऱ्या सुनांच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, हे सारे त्यात आहे. वाड्यावरचा जुलूम आणि घरातला जुलूम यांपैकी एकही त्यांनी झाकला नाही. हाती पडताच फाडली जाईल अशी ती वही होती. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाचे शीर्षकही श्रमातूनच आले आहे: त्यांची आई बांबूच्या वस्तू, म्हणजे आयदाने, विणून मुलांना वाढवीत असे.

साधनांचे मोल

आठवण हे साधन नाजूक असते. सन चुकतो, प्रसंग एकमेकांत मिसळतात. म्हणून ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांसारख्या पत्रांतील तत्कालीन वृत्तांतांशी ती ताडून पाहावी लागते. परंतु परिषदेला निघताना तान्हे मूल कोणाजवळ ठेवले, त्या दिवसाची मजुरी बुडाल्यावर चूल कशी पेटली, याचे उत्तर कोणत्याही वृत्तांतात मिळत नाही. ते सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. घरातील ट्रंकेत राहिलेली पत्रे, छायाचित्रे आणि जुनी पावतीपुस्तके रद्दीत जाण्यापूर्वी जपली, तर पंचवीस हजारांपैकी आणखी काही जणींना नाव मिळू शकेल.